गोल्फचा राउंड वाईट गेला, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात गोल्फ खेळणारी मराठी मंडळी मोजकी आहेत. काणकोणात राजबागला तळपण नदीच्या बाजूचं नऊ होलांचं (चेंडू घालायच्या खळग्यांचं) मैदान, सासष्टीत मोबोर आणि वार्का इथली रिसॉर्टच्या आवारातली लहान मैदानं, एवढ्यात बहुतेकांचा खेळ चालतो. मोठे अठरा होल खेळायचे तर अनेक जण पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठतात. इतका खटाटोप करून, सकाळी साडेपाचला उठून गेल्यावर राउंड, म्हणजे मैदानाची पूर्ण फेरी, फसला की तो मनाला फार लागतो. आमच्या मंडळींत ज्या शंका पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझं ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. वाईट राउंड स्वतः फारसं नुकसान करत नाही. खरं नुकसान पुढच्या दोन दिवसांत आपण स्वतःच्या खेळाचं जे काही करून ठेवतो, त्याने होतं. म्हणून इथली बरीच उत्तरं त्या दोन दिवसांबद्दल आहेत.

राउंड नुकताच संपलाय, डोकं तापलंय. आत्ता काय करू?

आधी टोपी काढून बरोबरच्यांशी हात मिळवा, कॅडीचे (बॅग सांभाळून सल्ला देणाऱ्या मदतनिसाचे) आभार माना. स्पर्धा असेल तर स्कोअरकार्ड शांतपणे तपासा. रागाच्या भरात सहाऐवजी पाच लिहून सही केली आणि कार्ड दिलं, तर नियमाप्रमाणे बाद होण्याची वेळ येते. वाईट खेळलेल्या दिवशी हे हमखास घडतं, कारण कार्डाकडे बघवतच नाही.

मग शरीराकडे बघा. मार्च ते मे या काळात आपल्याकडच्या दमट उन्हात चार तास चालल्यावर अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं. शेवटच्या चार-पाच होलांवर खेळ ढासळला असेल तर मनाला दोष देण्याआधी तुम्ही पाणी किती प्यायलात ते आठवा. सावलीत बसा, मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा शहाळं घ्या, काहीतरी खा. रागाचा बराच भाग तहान आणि भूक यांचाच असतो, आणि तो तासाभरात उतरतो.

गाडी लगेच काढू नका. राजबागहून मडगावकडे येताना करमल घाट लागतो. डोक्यात सतरावा होल घुमत असताना त्या वळणांवर ओव्हरटेक करायला जाऊ नये.

त्याच संध्याकाळी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन चूक दुरुस्त केली तर?

नको. त्या दिवशी क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, हातच लावू नका.

याचं कारण मेंदू शिकलेली हालचाल कशी चालवतो त्यात आहे. स्विंग अंगवळणी पडला की तो जवळजवळ आपोआप होतो. मात्र चिडलेला माणूस प्रत्येक हालचालीवर पहारा बसवतो: कोपर कुठे आहे, मनगट कधी वळलं, वजन कुठल्या पायावर गेलं. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोल्फच्या पटिंगवर (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू घरंगळवत मारण्यावर) याच विषयाचे प्रयोग केले आहेत. सरावलेला खेळाडू दडपणाखाली आपल्या हालचालीचे तुकडे करून त्यांच्याकडे लक्ष देऊ लागला की ती हालचाल बिघडते. वाईट राउंडनंतरची संध्याकाळ म्हणजे असा पहारा बसवण्याची सगळ्यांत सोपी वेळ. त्यात शरीर थकलेलं असतं. थकलेल्या अंगाने शंभर चेंडू मारले की सराव थकलेल्या स्विंगचाच होतो.

टीव्हीवर मोठे खेळाडू राउंडनंतर रेंजवर जाताना दिसतात हे खरं. पण त्यांच्या शेजारी कोच उभा असतो, शरीर त्या कामासाठीच तयार केलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खेळायचं असतं. आपल्याला पुढच्या रविवारपर्यंत वेळ आहे. तो वापरावा.

राउंड खरंच वाईट होता की मला तसं वाटतंय?

हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा, आणि कार्ड समोर ठेवून विचारा.

आधी अपेक्षा तपासू. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडू अठरापैकी साधारण बारा ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठतात. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडूसुद्धा सहा वेळा चुकतात. आठ फुटांवरून त्यांचे साधारण निम्मेच पट होलमध्ये जातात. आपण मात्र आठ फुटांचा पट हुकला की कपाळावर हात मारून घेतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या, दिवसभर पणजीच्या ऑफिसात किंवा फोंड्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने ही अपेक्षा बाळगणं अन्यायाचं आहे.

आता आठवणीबद्दल. कुठल्याही अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट हे दोनच मनात ठळक राहतात, मधलं पुसट होतं. त्यामुळे तिसऱ्या होलवर पाण्यात गेलेले दोन चेंडू आणि शेवटच्या होलवरचे तीन पट एवढंच आठवतं. मधे सलग चार होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, झाले होते ते कार्ड बघितल्याशिवाय लक्षातच येत नाही.

म्हणून वीस मिनिटं काढून, वहीत हाताने, गेलेला प्रत्येक वाढीव फटका तीनपैकी एका रकान्यात टाका: निर्णय चुकला, फटका चुकला, नशीब आड आलं. उदाहरण घ्या. दुपारी समुद्रावरचा वारा सुटलाय, उजवीकडे पाणी आहे, तुमचा चेंडू मुळातच उजवीकडे वळतो, आणि तरी तुम्ही ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारणारा क्लब) घेतला. चेंडू पाण्यात गेला तर तो निर्णयाच्या रकान्यात जातो, फटक्याच्या नव्हे. योग्य क्लब, योग्य लक्ष्य, आणि तरी चेंडू नीट लागला नाही, तर तो फटका चुकला. सरळ गेलेला चेंडू फेअरवेतल्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातल्या) जांभ्या दगडावर आपटून सुरूच्या झाडांत उडाला, तर ते नशीब.

असं लिहायला बसलं की बहुतेकांना धक्का बसतो. स्विंगच्या नावावर टाकलेले निम्मे गुन्हे निर्णयाचे निघतात. निर्णय सुधारायला रेंज लागत नाही, पुढच्या खेपेला पाच नंबरचं आयर्न (कमी लांब मारणारा क्लब) काढायचं एवढंच ठरवायला लागतं. खचलेल्या मनाला यासारखं औषध नाही, कारण करण्यासारखं काहीतरी हाती लागतं.

वीस मिनिटं झाली की वही बंद. कोळसा उगाळावा तितका काळाच.

या स्कोअरमुळे माझा हँडिकॅप खराब होईल का?

भीती वाटते तितका नाही. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा, त्यावरून फटक्यांची सूट ठरते. 2020 पासून लागू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या 20 राउंडपैकी सर्वोत्तम 8 धरले जातात. पूर्ण नोंद असेल तर आजचा फसलेला राउंड त्या आठांत यायचाच नाही. तो आल्याने एखादा जुना चांगला राउंड विसाच्या बाहेर ढकलला गेला, तरच आकडा हलतो.

शिवाय एका होलवर किती फटके मोजायचे याला मर्यादा आहे: पार अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारी सूट. पार चारच्या होलवर तुम्हाला एक फटक्याची सूट असेल, तर हँडिकॅपसाठी जास्तीत जास्त 7 धरतात. तुम्ही अकरा मारले असले तरी. ही पद्धत ज्यांनी आखली त्यांनी प्रत्येक खेळाडूला असे दिवस येणार हे गृहीत धरलेलं आहे.

पुढचा राउंडही असाच जाईल अशी भीती वाटते.

आकडेशास्त्र तुमच्या बाजूने आहे. तुमची सरासरी 95 असेल आणि आज 108 झाले, तर पुढच्या वेळी 108 च्या खाली येण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही काहीही बदललं नाही तरी. फार वाईट दिवसात वाईट खेळाबरोबर वाईट नशीबही मिसळलेलं असतं, आणि ते नशीब दर रविवारी हजर राहत नाही.

याची दुसरी बाजू सावध करणारी आहे. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की रागावलं की वैमानिक सुधारतात. कानेमन यांच्या लक्षात आलं की अतिवाईट उड्डाणानंतरचं उड्डाण तसंही बरंच होतं, रागावण्याशी त्याचा संबंध नव्हता. आपलंही तेच होतं. वाईट राउंडनंतर ग्रिप बदलली, पुढचा राउंड बरा गेला, की श्रेय ग्रिपला देऊन टाकतो.

म्हणजे नवा क्लब घेऊ नको? व्हिडिओही बघू नको?

आठवडाभर नको. रात्री बारापर्यंत दहा जणांचे दहा उपाय बघितले की एक ना धड भाराभर चिंध्या. ड्रायव्हर विकत घ्यायचाच असेल तर चांगल्या राउंडनंतर घ्या, तेव्हा डोकं ठिकाणावर असतं.

मोठ्या खेळाडूंचं असं होतं तेव्हा ते काय करतात?

मला आपल्या गोल्फपटू अदिती अशोकचं उदाहरण सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि ते आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती एका फटक्याने पदक हुकून चौथी आली. सगळा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता, हे त्याआधी कधी घडलं नव्हतं. मग 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ती शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी घेऊन उतरली आणि 77 मारून बसली. सुवर्ण गेलं, रौप्य मिळालं. आशियाई स्पर्धेत गोल्फचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, पण त्या दिवशी बातम्यांत हातची आघाडी गेल्याचीच चर्चा जास्त होती. त्यानंतर दोन महिने पुरे व्हायच्या आत, नोव्हेंबरमध्ये, तिने स्पेनमधली लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा जिंकली. पुन्हा खेळायला उतरणं हाच तिचा उपाय होता.

उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅकलरॉयचं 2011 गोल्फवाल्यांना ठाऊक आहे. मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे, दहाव्या होलवर सात फटके, आणि दिवसअखेर 80. जूनमध्ये त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. पण ही गोष्ट इथे थांबवली तर अर्धवट राहते. मास्टर्स जिंकायला त्याला 2025 पर्यंत थांबावं लागलं, आणि त्या अखेरच्या दिवसाची सुरुवातही त्याने पहिल्याच होलवर डबल बोगीने (पारपेक्षा दोन फटके जास्त) केली. काही जखमा दहा आठवड्यांत भरतात, काहींना चौदा वर्षं लागतात. दोन्ही प्रकारांत माणूस खेळत राहू शकतो.

टायगर वुड्सने 2020 च्या मास्टर्समध्ये बाराव्या होलवर, पार तीनवर, दहा फटके घेतले. तीन चेंडू पाण्यात. स्पर्धा त्याच्यासाठी कधीच संपली होती, जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेल्या सहा होलांपैकी पाचांवर त्याने बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. मी हे दृश्य नव्या खेळाडूंना आवर्जून सांगतो, कारण त्या पाच बर्डींचा स्कोअरबोर्डवर काहीच उपयोग नव्हता. त्या त्याने खेळासाठी मारल्या.

राउंडच्या मध्येच बिघडायला लागलं तर?

पीजीए टूर एक आकडा ठेवते: पारपेक्षा जास्त फटके लागल्यावर लगेच पुढच्या होलवर पारपेक्षा कमी किती वेळा येतं. तो मोजण्याइतका महत्त्वाचा वाटतो, यातच बरंच आलं.

आपल्यासाठी साधी पद्धत. फटका चुकल्यावर दहा पावलं तुमची. त्या दहा पावलांत काय वाटेल ते वाटू द्या, चिडा, हळहळा, फक्त क्लब फेकू नका. अकराव्या पावलाला बॅगेला हात लावा आणि विषय मिटवा. हात लावण्यासारखी काहीतरी ठरलेली कृती हवीच, नुसतं मनात ठरवून मन ऐकत नाही. मग चालताना श्वास नेहमीसारखा घ्या आणि सोडताना लांबवा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके उतरतात, हातांची घट्ट पकड सैल होते.

दुसरं, गेलेला फटका एका फटक्यात वसूल करायला जाऊ नका. डबल बोगीच्या खालोखाल दुसरी डबल बोगी येते ती बहुधा याच हट्टामुळे. झाडांत गेलात तर आडवा मारून फेअरवेवर या. चेंडू हरवला असेल अशी शंका आली तर आधीचा फटका मारला तिथूनच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा) चेंडू मारून ठेवा. 2019 पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि हातात दुसरा चेंडू खेळात असला की त्या तीन मिनिटांत जीव कासावीस होत नाही.

काणकोणच्या एका अनुभवी कॅडीकडून ऐकलेलं वाक्य मी मनात ठेवलंय: "बाब, गेलो तो गेलो. आतां फुडें पळयात." (गेला तो गेला, आता पुढे बघा.) तो हे प्रत्येक चुकीनंतर म्हणतो, सारख्याच आवाजात, पाहुण्याने पाच मारलेले असोत की दहा. त्या सारख्या आवाजातच खरा धीर आहे.

कॅडीने चुकीचा क्लब दिला, मग राग कोणावर काढू?

कोणावरच नाही. क्लब घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवलंत. त्याने सांगितलेलं अंतर पुढच्या वेळी स्वतः पडताळा, आणि त्याची बक्षिसी आजच्या स्कोअरवर कापू नका.

पावसाळ्याआधीचा शेवटचा राउंड फसला. आता चार महिने तोच डोक्यात राहणार का?

हा प्रश्न खास आपल्याकडचा, आणि मला महत्त्वाचा वाटतो. जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत नियमित खेळणं जवळपास बंदच. मेअखेरचा राउंड हाच हंगामाचा शेवट ठरतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे शेवट मनात जास्त राहतो. एका सकाळच्या खेळावरून माणूस सगळं वर्ष वाया गेलं असं ठरवून टाकतो.

दोन गोष्टी करा. पहिली, हंगामाची सगळी कार्डं काढा आणि प्रत्येकातला एकच उत्तम फटका लिहा. ऑक्टोबरमधला वाळूच्या बंकरमधून थेट झेंड्याच्या काठीजवळ बसलेला चेंडू, जानेवारीतला वीस फुटांचा पट. ही यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दुसरी, शेवट बदला. जूनच्या आधी जमेल तेव्हा, स्कोअर न मोजता, एकट्याने किंवा आवडत्या माणसाबरोबर तीन-चार होल खेळून या. हंगाम त्या होलांवर संपू द्या.

पावसाळ्यात पटर (पट मारायचा क्लब) हातात ठेवा. आपल्या जुन्या घरांतल्या पडवीचा लाल कोबा किंवा हॉलमधली लादी सरळ पटच्या सरावाला छान आहे. ती ग्रीनपेक्षा वेगवान असते, त्यामुळे हात हलका होतो. लादीच्या सांध्याची रेघ धरून तीन फुटांचे पट मारा. बाहेर पाऊस कोसळत असताना दिवसाला दहा मिनिटं पुरतात. चेंडू न ठेवता बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) हळू गतीने स्विंग केला तरी चालतो, मात्र वरचा पंखा आणि टांगलेल्या कुंड्या बघून.

मुलगी स्पर्धेत वाईट खेळली. परतीच्या प्रवासात तिच्याशी काय बोलू?

शक्यतो काहीच नाही.

आपली मुलं मोठ्या स्पर्धेसाठी बेंगळुरूला किंवा पुण्याला जातात. परतताना बेळगावहून चोर्ला घाट उतरेपर्यंत गाडीत तास न् तास आई-बाबा आणि ती. पळून जायला जागा नसते. तिथे "बाराव्या होलवर तू तो क्लब का घेतलास?" हा प्रश्न विचारणं म्हणजे शिक्षा आहे, विचारणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. मुलांच्या मनात खेळाबद्दलची नावड अशा प्रवासांत रुजते, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

"भूक लागलीय का?" हे विचारा. "तुला खेळताना बघायला मला आवडतं" हे म्हणा, आणि ते खरं असेल तरच म्हणा. ती रडली तर रडू द्या, "त्यात काय रडायचं" म्हणू नका. ती स्वतः बोलायला लागली तर ऐका, आणि वाक्य संपल्यावर लगेच उपाय सांगू नका. खर्चाचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही. हॉटेल, पेट्रोल, एन्ट्री फी हे आकडे मुलांना ठाऊक असतात आणि ते आधीच त्यांच्या मनावर असतात.

तंत्राबद्दल काही बोलायचंच असेल तर दोन दिवसांनी, आणि तेही कोचने. घरातल्या आजोबांना किंवा काकांना आधीच सांगून ठेवा की "कितवी आलीस?" हा पहिला प्रश्न नको. बाबा, तुम्हीही फोनवर नातेवाइकांना तिच्यासमोर निकाल सांगत बसू नका.

मुलगा असेल तरी हेच. मुलांना "पुरुषासारखा राहा" असं सांगून गप्प केलं जातं आणि ते राग पुढच्या स्पर्धेपर्यंत वाहून नेतात.

जोडीच्या सामन्यात माझ्यामुळे जोडीदार हरला. आता?

एकदा माफी मागा, तीही राउंड संपल्यावर. प्रत्येक होलला "सॉरी, सॉरी" करत राहिलात तर तुमची समजूत काढण्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. चहा-भजी तुमच्याकडून.

साहेबांबरोबर किंवा ग्राहकाबरोबर खेळताना फसलात तर काळजी सोडा. तुमचा स्कोअर त्यांना सोमवारी आठवत नाही. तुम्ही चिडलात का, हे मात्र आठवतं.

राउंडनंतर दोन पेग घेतले की बरं वाटतं. काय हरकत आहे?

आपल्याकडे हे इतकं सहज आहे की कोणी प्रश्नही विचारत नाही. एप्रिलमध्ये हुर्राक, एरवी थंड बिअर. मित्रांबरोबर मजेत घेणं वेगळं, राउंड विसरायला घेणं वेगळं. उन्हात सुकलेल्या शरीरातलं पाणी दारूने आणखी कमी होतं आणि उत्तररात्रीची झोप तुटक होते. मनाला सावरायला तीच झोप हवी असते. आधी पाणी, आधी जेवण, आणि गाडी चालवायची असेल तर अजिबात नाही. पराभवाचं औषध म्हणून प्यायची सवय लागतेय असं वाटलं तर ते स्वतःशी स्पष्ट बोला.

छोटा पट मारताना हात झटका देतो. हे मनाचं आहे का?

याला यिप्स म्हणतात. काहींमध्ये कारण दडपण असतं. काहींमध्ये ठरावीक हालचालीच्या वेळी स्नायू अनिच्छेने आकसतात, हा मज्जासंस्थेचा प्रश्न असतो आणि त्याला धीर कमी असण्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून "मन घट्ट कर" हा सल्ला इथे निरुपयोगी.

जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरला हा त्रास कारकिर्दीत पुन्हा पुन्हा झाला. त्याने पकड बदलली, 1985 व 1993 अशी दोनदा मास्टर्स जिंकली, आणि पुढे लांब पटरही वापरला. 1991 च्या रायडर कपमध्ये (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक सामना) अखेरच्या होलवर सहा फुटांचा पट त्याच्याकडून हुकला आणि युरोपच्या हातून कप गेला. पुढच्याच आठवड्यात तो जर्मन मास्टर्स जिंकला. पकड बदलून बघा, डावा हात खाली घेऊन बघा. झटका गोल्फच्या बाहेर, लिहिताना किंवा कप धरतानाही जाणवत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आठवडे उलटले तरी उदास वाटतं, खेळच सोडावासा वाटतो.

थोडे दिवस थांबणं चांगलं आहे. महिनाभर क्लब बाजूला ठेवल्याने कोणाचा खेळ संपलेला नाही.

पण झोप नीट लागत नाही, जेवण जात नाही, कामात आणि घरच्यांतही रस वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर प्रश्न गोल्फचा राहिलेला नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, दिवसरात्र. गोव्यात बांबोळीला आयपीएचबी या सरकारी संस्थेत मानसोपचार तज्ज्ञ भेटतात. घरात कोणाला सांगायला संकोच वाटत असेल तर खेळातल्या एखाद्या मित्राला बरोबर न्या. आणि मित्रांनो, कोणी दोन-तीन रविवार सांगितल्याशिवाय आला नाही, तर "काय रे, घाबरलास का?" असा मेसेज टाकण्याऐवजी त्याच्या घरी जाऊन या.

पुढच्या राउंडला पहिल्या टीवर (होल सुरू होतो त्या जागी) उभं राहिल्यावर काय करू?

आदल्या रात्री वहीतला एकच निर्णय निवडा, एकच. "उजवीकडे पाणी असेल तर ड्रायव्हर नाही" इतका साधा. तो कार्डाच्या कोपऱ्यात लिहा. स्कोअरचं लक्ष्य ठरवू नका.

जमलं तर सकाळची पहिली वेळ घ्या. दंव असतं, चेंडू कमी घरंगळतो, पण समुद्राचा वारा अजून सुटलेला नसतो आणि ऊन अंगावर येत नाही. अर्धा तास आधी पोहोचा. सराव-ग्रीनवर लांब पट मारून वेग समजून घ्या, आणि शेवटचे पाच-सहा पट दोन फुटांवरून मारा, म्हणजे चेंडू आत पडल्याचा आवाज कानात घेऊन तुम्ही टीकडे जाल.

पहिल्या टीवर तोच क्लब काढा ज्यावर तुमचा सगळ्यांत जास्त भरवसा आहे, मग तो सात नंबरचं आयर्न असला तरी हरकत नाही. बरोबरचे तिघे ड्रायव्हर काढतील, काढू द्या. चेंडू दीडशे यार्डांवर फेअरवेत पडला की दुसरा फटका गवतावरून, मोकळ्या जागेतून मारायला मिळतो. पहिल्या तीन होलांनंतर एक घोट पाणी आणि मूठभर काजू. कार्ड नवव्या होलपर्यंत कॅडीकडे किंवा जोडीदाराकडे राहू द्या.